कचरा 'खाली' जातो म्हणजे नेमका कुठे जातो?

परवा रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. सिंहगड रोडवरच्या कुठल्याही सोसायटीची होते तशीच. फ्लॅट 64, हजर माणसं 17, त्यातली चार मोबाईलवर. पार्किंग झालं, टँकरचं बिल झालं, गच्चीतून गळणारं पाणी झालं आणि चहा यायच्या बेतात असताना शेवटचा विषय आला. कचरा.

विषय म्हणजे तक्रारच होती. कचरा घेणाऱ्या मावशी गेल्या आठवड्यात चार दिवस आल्या नाहीत. जिन्यात पिशव्या साठल्या, मांजरांनी फाडल्या, वास सुटला. एका काकांनी (स्वभावाने अत्यंत सज्जन माणूस, कुणाच्याही आजारपणात सगळ्यांच्या आधी धावून येणारे) सरळ ठरावच मांडला. मावशींना बंद करा. गेटपाशी दोन मोठे ड्रम ठेवा, ज्याने त्याने आपली पिशवी तिथे टाकावी. एका ठेकेदाराशी बोलणं झालंय, त्याचा टेम्पो सगळं उचलून नेईल. ओला-सुका वेगळं करायची कटकट नाही. "आपल्याला काय, कचरा खाली गेला म्हणजे झालं."

माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, "पैसे देतो ना आपण? मग असे खाडे कसे चालतील?" आणखी कुणीतरी म्हणालं, "ह्या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं."

मी गप्प बसलो. म्हणूनच ही पोस्ट लिहितोय. कारण मावशी चार दिवस का आल्या नाहीत, हे त्या सतरा जणांत फक्त मला माहीत होतं.

झालं होतं असं. आमच्याकडे लोणच्याची काचेची बरणी ओट्यावरून पडून फुटली. सकाळी साडेसातची घाई, तेल सांडलेलं, मसाला काचांना चिकटलेला. काचा ओल्यात टाकायच्या की सुक्यात, हा विचार करायला वेळ कुणाला? सगळं सुपलीने गोळा केलं आणि भाजीच्या देठांसकट एका काळ्या पिशवीत भरलं. गाठ मारली, दाराबाहेर ठेवली. संपलं. माझ्यापुरतं संपलं.

मावशी ओला कचरा हाताने चाळतात. चाळावाच लागतो, कारण आपण त्यात दुधाच्या पिशव्या, टूथब्रश, पार्सलचे डबे सगळं कोंबलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याऐवजी त्यांची सून आली. म्हणाली, "सासूबाईंच्या तळहातात काच घुसली, तीन टाके पडलेत. तुमच्याच मजल्यावरची पिशवी होती, तेलकट होती." कुठल्या घरची, ते तिला माहीत नव्हतं. पुढचे दिवस मात्र तिला आपलं स्वतःचं काम सोडून येणं जमलं नाही. हेच ते चार खाडे.

मी पाचशेची नोट पुढे केली. बरणी माझी होती हे सांगितलं नाही. तिने नोट घेतली आणि म्हणाली, "काका, काच कागदात गुंडाळून वेगळी द्या म्हणावं सगळ्यांना." सगळ्यांना म्हणाली. मला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्या भागातली माणसं अस्वच्छ आहेत असं मला अजिबात वाटत नाही. उलट आपण स्वच्छतेच्या बाबतीत फार काटेकोर आहोत. फरशी दिवसातून दोनदा पुसतो, चपला दाराबाहेर काढतो, दिवाळीआधी माळा खाली उतरवतो. पण ही सगळी स्वच्छता उंबरठ्यापर्यंत. उंबऱ्याबाहेर पडलेल्या वस्तूशी आपलं नातंच तुटतं. ती पिशवी 'माझी' राहत नाही, ती 'कचरा' होते. आणि कचऱ्याला हात लावणारा माणूस वेगळा असतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात जात आहे. बोलायला अवघड वाटतं, पण आहे. आमच्या सोसायटीत मावशींना लिफ्ट वापरायची परवानगी नाही. असा लेखी नियम कुठेही नाही. वॉचमनला कुणीतरी कधीतरी सांगितलं असेल. सात मजल्यांचा कचरा पन्नाशीची बाई जिन्याने उतरवते. आणि त्याच लिफ्टमधून आपण कुत्र्याला फिरायला नेतो, पिझ्झावाला वर येतो, फ्रीज वर चढतो. मी या इमारतीत अकरा वर्षं राहतोय. हे मलाही टाके पडल्यानंतर दिसलं, आधी नाही.

"पैसे देतो ना" याबद्दलही थोडं. आपण मावशींना घरटी महिन्याला जे देतो त्यात हॉटेलात दोघांची मिसळ होत नाही. तेही दर महिन्याला वेळेवर देणारी घरं किती, हे खजिनदारांना विचारा. आणि हे पैसे म्हणजे पगार नव्हे. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ'. मावशी तिच्याच सभासद आहेत. 1993 मध्ये बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे ही संस्था आली. 2008 साली तिचा महापालिकेशी करार झाला आणि जे लोक कचराकुंड्यांत उतरून भंगार शोधत होते ते दारावर येऊन कचरा घ्यायला लागले. त्यांची कमाई दोन भागांत असते. एक आपण दिलेलं शुल्क आणि दुसरा सुक्या कचऱ्यातून निघणारा कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा यांची विक्री.

दुसरा भाग नीट समजून घ्या. कोरडा पुठ्ठा विकला जातो. त्याच पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तो कुणी घेत नाही. म्हणजे मी जेव्हा कंटाळा करून एकाच पिशवीत सगळं टाकतो तेव्हा मी त्या बाईच्या खिशातून पैसे काढत असतो. भंगारवाल्याशी रद्दीच्या किलोमागे दोन रुपयांवरून हुज्जत घालणारे आपण, हे मात्र रोज सहज करतो.

ठराव मांडणाऱ्या काकांचं एक म्हणणं मात्र मला सोडून देता येत नाही, कारण ते पुष्कळ लोक म्हणतात. "आपण वेगळं करायचं आणि पुढे ते सगळं एकत्रच करणार. मग कशाला?" खरं आहे का हे बघायला मंगळवारी सकाळी मी गाडीच्या पॉइंटवर जाऊन तासभर उभा राहिलो. (बायको म्हणाली, मॉर्निंग वॉकला जा म्हटलं तर कधी गेला नाहीत, कचरा बघायला गेलात.) तिथे आसपासच्या दहा-बारा सोसायट्यांचा कचरा येतो. ज्या दोन सोसायट्यांचा ओला कचरा स्वच्छ आला तो गाडीच्या ओल्या कप्प्यात गेला. बाकीच्यांचा एकत्रच गेला, कारण तो एकत्रच आला होता. आमचाही त्यातच होता. आमच्या इमारतीची एक पिशवी तिथे फुटली. त्यातून काय पडलं ते सांगतो: अर्धी पोळी-भाजी, चिप्सची पाकिटं, एक चार्जर, न गुंडाळलेलं डायपर आणि एका नामवंत दुकानाच्या मिठाईचा आख्खा पुडा. गाडीवरच्या पोराने तो पायाने आत ढकलला.

गाडीवाले कधीच सरमिसळ करत नाहीत असं मी म्हणत नाही. गाडी बंद पडली, उशीर झाला की करतात, हे तिथल्याच एकाने मला सांगितलं. पण "ते एकत्र करतात म्हणून मी वेगळं करत नाही" आणि "हे वेगळं देत नाहीत म्हणून आम्ही एकत्र करतो" ही दोन वाक्यं समोरासमोर उभी राहिली तर आधी कुणी बदलायचं? तीन प्रकार वेगळे करून देणं ही 2016 च्या घनकचरा नियमांनीच आपली जबाबदारी ठरवली होती: ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचे, हेही त्याच नियमांत होतं. आणि गुंडाळायची पाकिटं कंपन्यांनी पुरवावीत असंही त्यात होतं, जे किती कंपन्या करतात ते दुकानात जाऊन बघा. 'स्वच्छ'च्या बायकांनी म्हणूनच साधी विनंती केली होती, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका द्या, म्हणजे आम्हाला उघडून बघायला लागणार नाही. एक ठिपका! तेवढाही आपल्या हातून होत नाही.

आता 'खाली' म्हणजे कुठे, ते.

पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. तो वर्षानुवर्षं हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात होता. उघड्यावर, थरावर थर, डोंगर होईपर्यंत. ओला कचरा दाबून साठवला की आत हवा जात नाही. तो कुजतो, मिथेन तयार होतो आणि आगी लागतात. काळं पाणी झिरपतं ते जमिनीत उतरतं. तिथल्या विहिरींचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही, गावं टँकरवर आली. आपल्या गावात मुली द्यायला लोक तयार नाहीत, अशी तक्रार तिथले गावकरी करत होते. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हा त्यांनी गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा रस्त्यावर राहिला. आठवतंय का? आपल्या चौकात काय दिसत होतं? तेव्हा आपण काय म्हणत होतो तेही आठवा. "गावकऱ्यांनी शहराला वेठीला धरलंय." मीही म्हणालो होतो, ह्याच फेसबुकवर. आता ती पोस्ट वाचवत नाही.

त्यानंतर प्रक्रिया प्रकल्प आले, जुन्या ढिगांवर काम सुरू झालं, ती दोन गावं पालिकेत घेतली आणि पुढे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. पण प्रकल्प कुठलाही असो, त्याला ओला कचरा ओलाच लागतो. त्यात काचा, डायपर आणि प्लास्टिक आलं की यंत्र अडकतं, खत कुणी घेत नाही आणि उरलेला माल पुन्हा कुठल्यातरी गावाच्या शेजारी जाऊन पडतो. गेटपाशी दोन ड्रम ठेवले की आपण नेमकं हेच करणार आहोत. त्या ठेकेदाराचा टेम्पो तो माल कुठे रिकामा करणार, हा प्रश्न मीटिंगमध्ये सतरापैकी एकानेही विचारला नाही. मीही नाही.

आपल्या कालव्याचंही तेच. सकाळी आठच्या सुमाराला कालव्याच्या पुलावर पाच मिनिटं उभे राहा. दुचाकी येते, वेग कमी होतो, मागे बसलेल्याचा हात सुटतो, पिशवी पाण्यात. चांगल्या कपड्यातले, ऑफिसला निघालेले लोक. निर्माल्य टाकणारे तर गाडी थांबवून, नमस्कार करून टाकतात, प्लास्टिकच्या पिशवीसकट. हा खडकवासल्याचा कालवा. तो पुढे हडपसर, फुरसुंगी करत दौंड-इंदापूरच्या शेतांकडे जातो. म्हणजे फुरसुंगीला आपला कचरा ट्रकनेही पोचतो आणि पाण्यानेही.

पुलाच्या कोपऱ्यावर कुणीतरी भिंतीत देवादिकांच्या टाइल्स बसवल्या, लोक तिथे टाकणार नाहीत म्हणून. खरंच टाकत नाहीत. दहा फूट पुढे टाकतात.

पण इथे पालिकेलाही सोडू नका. ही मंडळी सकाळी आठला पिशवी का फेकतात? त्यातल्या निम्म्यांच्या घरी कचरा घ्यायला साडेनऊ-दहाला कुणीतरी येतं, तेव्हा घराला कुलूप असतं. बंगल्यांच्या गल्ल्यांत, भाड्याच्या खोल्यांत, मुलांच्या मेसमध्ये तर कुणी येतच नाही. नवीन इमारती रोज उभ्या राहतात, आणि त्या मानाने ना माणसं वाढतात ना गाड्या. आरोग्य निरीक्षक पुलावर दंडाची पावती फाडतात ते ठीक आहे, पण संध्याकाळी सातला एक फेरी ठेवली तर निम्म्या पिशव्या कालव्यात पडणार नाहीत. क्षेत्रीय कार्यालयात मी तसा अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे, उत्तर आलं की इथे टाकीन.

आमच्या सोसायटीला मात्र हे कारण सांगता येत नाही. आमच्या दारात बाई येते.

आणि आमच्याकडे खड्डा आहे! मागच्या बाजूला, जनरेटरशेजारी, गांडूळखताचा. बिल्डरने परवानगीसाठी बांधून दिलेला. त्याच्यावर मिळकतकरात सवलत आहे आणि ती आम्ही दरवर्षी घेतो. खड्ड्यात सध्या दोन फुटके कमोड, एक सायकल आणि मागच्या गणपतीचं थर्माकोल आहे. मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा, असं नियम सांगतात आणि आपल्या रोडवरच्या बऱ्याच सोसायट्या त्यात बसतात. "वास येतो, उंदीर होतात" ही भीती मलाही होती. वास येतो तो नुसता ओला कचरा टाकला, त्यात पाणी साचलं आणि हवा गेली नाही की. त्याच्यावर प्रत्येक वेळी सुक्या पाल्याचा थर द्यायचा, आठवड्यातून एकदा वर-खाली करायचा, वर जाळी ठेवायची. सुका पाला आम्ही दर रविवारी पोत्यात भरून गेटबाहेर ठेवतो आणि उचलला नाही म्हणून पुन्हा तक्रार करतो. म्हणजे खड्डाही आपला, पालाही आपला आणि भाजीचे देठही आपलेच.

घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वजन ओल्याचं असतं. तो खाली जिरला तर मावशींना सात मजल्यांवरून फक्त कोरडं, हलकं आणि विकलं जाणारं सामान उतरवावं लागेल. कात्रजच्या वॉर्डात बारा-पंधरा वर्षांपूर्वी 'झिरो गार्बेज'चा प्रयोग झाला, त्यात दारोदार जाऊन लोकांना हेच समजावलं होतं. तिथली माणसं काही आपल्याहून वेगळी नव्हती.

परवा मावशी पुन्हा कामावर आल्या. हाताला पट्टी, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. मी म्हटलं, "मावशी, अजून चार दिवस थांबायचं." म्हणाल्या, "दादा, थांबले तर दुसरं कुणीतरी लाइन घेईल." मीटिंगमधलं त्यांच्या कानावर आलेलं होतं. असं सगळं बरोबर पोचतं.

ठरावावर त्या दिवशी मतदान झालं नाही, गणसंख्या नव्हती. येत्या रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये पुन्हा मीटिंग आहे. आमच्या सोसायटीतले जे हे वाचताय त्यांनी कृपया या. बरणी माझी होती हे मी सगळ्यात आधी सांगणार आहे. मग ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे. मावशींसाठी लिफ्ट, जाड हातमोजे आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे, असे तीन विषय मी सेक्रेटरींना लिहून दिले आहेत. काकांशीही बोललो. ते म्हणाले, "आधी का नाही बोललास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि आजूबाजूच्या सोसायट्यांपैकी कुणाचा खड्डा खरोखर चालू असेल तर कमेंटमध्ये सांगा, शनिवारी बघायला येतो. कल्चर कुठून आणता, जाळी कुठे करून घेतली आणि पहिल्या महिन्यात वासाच्या तक्रारी करणाऱ्यांना काय सांगितलंत, तेही लिहा. कमोड कुणी नेणार असेल तर तेही सांगा.